टीडीएस ८५०, नायट्रेट ८८: बोअरच्या पाण्याचा अहवाल कसा वाचायचा आणि फेरतपासणी कशी करायची

गेवराई तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: घरामागे १८० फुटांचं बोअर आहे, गोठा आणि उकिरडा जवळच. फिल्टर विकायला आलेल्या माणसाने पेनसारखं यंत्र पाण्यात बुडवून टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, ८५० आकडा दाखवला आणि 'हे पाणी विष आहे' म्हणाला. मग घरच्यांनी प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतली. अहवालात बाकी सगळं ठीक, पण नायट्रेट ८८ आणि खाली 'पिण्यास अयोग्य' असा शिक्का. सासूबाई म्हणतात, चाळीस वर्षं याच शिवारातलं पाणी पितोय, काही झालं नाही. घरात चार महिन्यांचं बाळ आहे. पाणी उकळून घेतलं तर चालेल का, अहवाल खरा आहे का आणि पुन्हा तपासायचं तर कसं, हे त्यांना हवंय.

ताई, बाळाचं आधी सांगतो, कारण त्याला बाकीच्या चर्चेसाठी थांबता येत नाही. या बोअरचं पाणी बाळाच्या पोटात जाऊ देऊ नका. उकळूनही नाही. नायट्रेट हा पाण्यात विरघळलेला क्षार आहे, तो वाफेबरोबर जात नाही, पाणी तेवढं जातं. दहा लिटर पाणी उकळून आठ लिटर उरलं तर ८८ चे ११० होतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ, नखं, त्वचा निळसर दिसायला लागते. तसं काही दिसलं तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे न्यायचं आणि पाण्यातल्या नायट्रेटचा आकडा त्यांना आवर्जून सांगायचा. बाळ निव्वळ अंगावर पीत असेल तर मोठी काळजी नाही, आईने हे पाणी प्यायलं म्हणून दुधातलं नायट्रेट फारसं वाढत नाही. धोका वरच्या दुधात आहे. डब्याची पावडर या पाण्यात कालवणं, गाईचं दूध पाणी घालून पातळ करणं, उन्हाळ्यात 'घसा कोरडा पडतो' म्हणून चमच्या-चमच्याने पाणी पाजणं, या तिन्ही गोष्टी बंद करा. बाळगुटी उगाळायला पाणी थोडं लागतं, पण ते तरी या बोअरचं कशाला?

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. मोठ्या माणसाचं पोट आणि रक्त हे बरंचसं निभावून नेतं, त्यामुळे त्यांना काही झालं नसेल. पण चाळीस वर्षांपूर्वी त्या शिवारात युरियाची पोती किती येत होती, घरामागे शौचालयाचा खड्डा होता का आणि पाणी आडाचं होतं की बोअरचं, हेही त्यांना विचारा. शिवार तेच असलं तरी पाणी तेच राहिलेलं नाही.

आता त्या पेनबद्दल. टीडीएस मीटर क्षार मोजतच नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच बघतो आणि त्या आकड्याला एका ठरलेल्या गुणकाने गुणून टीडीएस म्हणून दाखवतो. काही पेनांत हा गुणक ०.५ असतो, काहींत ०.७. म्हणून एकाच ग्लासात दोन कंपन्यांची पेनं बुडवली तर दोन वेगळे आकडे येतात आणि दोन्ही पेनं आपापल्या जागी बरोबर असतात. वजनकाट्यावर पोतं टाकून आत ज्वारी आहे की खडे हे जसं कळत नाही, तसं ८५० या आकड्यावरून पाण्यात चुना आहे, मीठ आहे की नायट्रेट आहे हे कळत नाही. तुमच्या पाण्यातलं ८८ नायट्रेट कमी होऊन १० झालं असतं, तरी पेनवर ८५० च्या जागी ७७०-८०० च्या आसपासच काहीतरी दिसलं असतं. विक्रेता तेव्हाही 'विष' म्हणाला असता.

८५० ला घाबरायचं कारण नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, सध्याची आवृत्ती २०१२ ची. त्यात बहुतेक घटकांना दोन मर्यादा दिल्या आहेत: एक स्वीकारार्ह, दुसरी पर्यायी स्रोत नसेल तर चालवून घेण्याची कमाल. टीडीएससाठी ५०० आणि २०००. एकूण कठीणपणासाठी, म्हणजे आपण ज्याला जड पाणी म्हणतो त्यासाठी, २०० आणि ६००. क्लोराइडला २५० आणि १०००. सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. मराठवाड्यात बेसॉल्टच्या काळ्या दगडातलं पाणी ५०० च्या खाली फार ठिकाणी मिळत नाही. पहिल्या आकड्यावर बोट ठेवायचं म्हटलं तर अर्ध्या मराठवाड्याला फिल्टर विकता येतो, आणि विकले जातातही. पण नायट्रेटचं तसं नाही. त्याला ४५ ही एकच मर्यादा, वर सूट नाही. कारण ४५ च्या वर गेल्यावर चवीचा किंवा भांड्यावर बसणाऱ्या खाराचा प्रश्न राहत नाही, बाळाच्या रक्ताचा प्रश्न होतो. फ्लोराइडला १.० आणि कमाल १.५.

त्याच विक्रेत्याने बहुधा दुसरा प्रयोगही केला असेल, म्हणून सांगून ठेवतो. दोन ग्लास, एकात तुमचं पाणी, एकात त्याच्या फिल्टरचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज लावायची. मिनिटभरात तुमच्या ग्लासात तपकिरी, शेवाळी गाळ वर येतो, फेस येतो, बायाबापड्या तोंडाला पदर लावतात. त्याचा ग्लास मात्र स्वच्छ. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतोच. कांडी लोखंडाची असते, वीज गेली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. फिल्टरच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून कांडी विरघळत नाही. पुढच्या वेळी त्याला म्हणावं, तुझ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा बटण दाब. तेच 'विष' त्याच्याही ग्लासात वर येईल. तुम्ही स्वतः मात्र हा खेळ करू नका, उघडी वीज असते.

आता तुमचा अहवाल. आकडे पाठवलेत हे फार बरं केलं, बरेच जण नुसता शिक्का सांगतात. विद्युतवाहकता १४२०, टीडीएस ८५०, कठीणपणा ५२०, कॅल्शियम १०४, मॅग्नेशियम ६३, सोडियम ८५, पोटॅशियम २, अल्कता (म्हणजे मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट) ३४०, क्लोराइड १६०, सल्फेट ६२, नायट्रेट ८८, फ्लोराइड ०.६. अहवाल हाती आला की मी आधी मर्यादांचा रकाना बघत नाही. आधी आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघतो. हे कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही करता येतं.

टीडीएसला वाहकतेने भागा: ८५० भागिले १४२०, येतात ०.६०. हे साधारण ०.५५ ते ०.७५ च्या मध्ये असावं. आहे. कॅल्शियमला २.५ ने गुणा, मॅग्नेशियमला ४.१२ ने, बेरीज करा: २६० आणि जवळपास २६०, मिळून ५२०. कठीणपणाशी जुळलं. ज्या अहवालात हे दशांशापर्यंत तंतोतंत जुळतं तिथे मात्र मॅग्नेशियम वजाबाकीने काढलेलं असतं. बहुतेक प्रयोगशाळा तसंच काढतात आणि त्यात गैर काही नाही, फक्त त्या जुळण्याला पुरावा मानायचं नाही.

खरी कसोटी विद्युतभाराच्या बेरजेची. पाण्यात धनभार आणि ऋणभार सारखे असलेच पाहिजेत. कॅल्शियमला २० ने भागा, मॅग्नेशियमला १२.१५ ने, सोडियमला २३ ने, पोटॅशियमला ३९ ने. तुमची बेरीज येते साधारण १४.१. दुसऱ्या बाजूला अल्कतेला ५० ने भागा, क्लोराइडला ३५.५ ने, सल्फेटला ४८ ने, नायट्रेटला ६२ ने. तीही १४ च्या आसपासच येते. दोन्हींतला फरक एकूण बेरजेच्या पाच टक्क्यांच्या आत असला की अहवाल विश्वासाचा. शिवाय धनभाराच्या बेरजेला १०० ने गुणलं की साधारण वाहकता यायला हवी: १४१०, आणि अहवालात १४२०. म्हणजे ज्याने हे काम केलंय त्याने ते टेबलावर बसून भरलेलं नाही, हात ओले करून केलंय. नायट्रेट ८८ च्या जागी चुकून ८.८ असतं तर ऋणभाराची बाजू १.३ ने कमी पडली असती आणि ते लगेच डोळ्यांत आलं असतं. तुमच्या अहवालातला ८८ हा आकडा मला खरा वाटतो.

एक मोठी मेख इथेच असते. काही प्रयोगशाळा नायट्रेट 'नायट्रेट म्हणून' देतात, काही 'नायट्रोजन म्हणून', म्हणजे त्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. दोन्हींत ४.४३ पटींचा फरक आहे. तुमचंच पाणी दुसऱ्या पद्धतीने लिहिलं असतं तर १९.९ आलं असतं आणि ४५ च्या मर्यादेशेजारी २० बघून कुणीही सुटकेचा श्वास टाकला असता. नायट्रोजन म्हणून लिहिलं असेल तर मर्यादा साधारण १० धरायची. तुमच्या बेरजा जुळतात, त्यावरून तुमचं ८८ हे नायट्रेट म्हणूनच आहे हे उघड आहे. पण पुढचा अहवाल दुसरीकडून घेतलात तर हे आधी विचारून घ्या.

हे नायट्रेट आलं कुठून? अहवालात थोडा माग लागतो. क्लोराइड १६० आहे. निव्वळ युरियामुळे नायट्रेट वाढलं तर क्लोराइड त्याच्याबरोबर तसं वाढत नाही. जनावरांचं मूत, उकिरडा, शौचालयाचा खड्डा यांतून आलं तर दोन्ही जोडीने वाढतात. पण एवढ्यावरून शिक्का मारणं घाईचं होईल. तुमचा भाग पैठणच्या उजव्या कालव्याखालचा असेल तर ऊस-कापसाची खतं आणि कालव्याचं झिरपणारं पाणी यांचाही वाटा असू शकतो, आणि पोटॅशच्या खतातून क्लोराइडही येतं. म्हणून फेरतपासणीच्या वेळी वस्तीपासून लांबच्या शेतातल्या एखाद्या विहिरीचा नमुना सोबत द्या. तिथेही ७०-८० निघालं तर रोग शिवाराचा आहे. तिथे १५-२० आणि घरामागे ८८ निघालं तर रोग तुमच्या परसात आहे, आणि तो बराचसा तुमच्या हातात आहे.

आपल्याकडच्या बोअरचं एक दुखणं सांगतो. केसिंग पाइप माती आणि मुरुमापुरता वीस-तीस फूट घालतात, खाली दगड लागला की उघडं भोक. केसिंगच्या बाहेरची पोकळी सिमेंटने बंद करायची पद्धत फार थोड्या ठिकाणी दिसते. त्यामुळे गोठ्याचं मूत, न्हाणीचं पाणी केसिंगच्या अंगाअंगाने सरळ खाली उतरतं. १८० फूट खोल बोअर असूनही पाणी पंधरा फुटांवरच्या आडासारखं निघतं ते यामुळे. बोअरभोवती उकरून केसिंगला लागून सिमेंट भरून घ्या, केसिंग जमिनीच्या वर दीड-दोन फूट उचला, भोवती बाहेर उतार असलेला ओटा करा. उकिरडा आणि शौचालयाचा खड्डा किमान पन्नास फूट लांब आणि जमिनीच्या उताराने बोअरच्या खालच्या अंगाला हवा. हे केल्यावर नायट्रेट आठवड्यात उतरणार नाही. जमिनीत जे मुरलंय ते धुऊन जायला पावसाळे लागतात.

आता फेरतपासणी. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही महाग असो, कॅनमध्ये जे आलंय तेच ते मोजणार. फिनेलचा वास येणाऱ्या बाटल्या, तळाला लाल सरबताचा थेंब राहिलेल्या कोल्डड्रिंकच्या बाटल्या, गोडेतेलाचा कॅन, सगळं येतं. प्रयोगशाळेने कॅन दिला तर उत्तम. नाही तर सीलबंद पाण्याची नवी बाटली घ्या, रिकामी करा आणि बोअरच्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्या. एक लिटर रासायनिक तपासणीला सहसा पुरतं, पण दोन न्या. काच नको, प्लास्टिकच बरं, फ्लोराइडसाठी तर नक्कीच.

पाणी थेट बोअरच्या तोंडाशी घ्यायचं. वरच्या टाकीतलं नाही, फिल्टरनंतरचं नाही, माठातलं तर नाहीच. मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी निघून जाऊ द्या. उन्हाळ्यात बोअर थांबून थांबून पाणी देत असेल तर एकदा उपसून पुन्हा पाणी आल्यावर भरा. बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट. चिठ्ठी बाटलीच्या अंगावर चिकटवा, झाकणावर नको. प्रयोगशाळेत एकाच वेळी दहा बाटल्या उघड्या असतात आणि झाकणं फिरतात. साध्या बॉलपेनने लिहा, स्केचपेनची शाई बर्फाच्या पेटीत पुसून जाते. गाव, स्रोत, खोली, तारीख, वेळ एवढं पुरे. आणि 'वास येतो', 'भांड्यावर लाल थर बसतो' असं काही असेल तर तेही.

लाल थराचं निघालं म्हणून सांगतो. काही बोअरचं पाणी भरताना काचेसारखं नितळ असतं आणि दुपारपर्यंत बाटलीच्या तळाला विटकरी भुकटी बसते. ते लोह. जमिनीखाली हवा नसते तोवर विरघळलेलं राहतं, हवा लागली की गंजून खाली बसतं. अशी बाटली न हलवता वरचं पाणी तपासलं तर लोह नाहीच असा निकाल येतो. लोह आणि इतर धातूंसाठी म्हणूनच वेगळी छोटी बाटली असते आणि तिच्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकतात. त्या बाटलीतून नायट्रेट मोजायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको, पण एकदा दोन बाटल्यांची अदलाबदल झाली की नायट्रेटचे आकडे आभाळाला भिडतात.

नमुना त्याच दिवशी पोचवा, थंड ठेवून. नायट्रेट दोन दिवसांच्या आत मोजलं गेलं पाहिजे, कारण पाण्यातले जिवाणू ते खातात, बदलतात. मे महिन्यात बेचाळीस अंशांत एसटीच्या टपावरून आलेला कॅन म्हणजे वेगळंच पाणी. शनिवारी नेऊ नका, सोमवार-मंगळवार बघा.

नमुना द्यायचा कुठे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि काही तालुक्यांच्या ठिकाणी आहेत, खासगी माणसाचा नमुनाही फी घेऊन तपासतात. खासगी प्रयोगशाळेत गेलात तर एनएबीएल मान्यता आहे का आणि ती पाण्यातल्या नेमक्या कोणत्या घटकांसाठी आहे, हे विचारा. भिंतीवरचं प्रमाणपत्र मातीपरीक्षणाचंही असू शकतं. शंका असेल तर एक जुनी युक्ती आहे: एकच पाणी दोन बाटल्यांत भरून दोन वेगळ्या नावांनी द्या आणि तिसऱ्या बाटलीत सीलबंद पॅकेजचं पाणी. दोन आकडे दहा टक्क्यांच्या आत आले आणि तिसऱ्यात नायट्रेट नगण्य निघालं, तर त्या प्रयोगशाळेला बिनधास्त पैसे द्या.

काय तपासून घ्यायचं? 'संपूर्ण पॅकेज' घेऊ नका. त्यात पन्नास घटक असतात आणि त्यातले निम्मे आपल्या भूगर्भात शोधण्यात अर्थ नसतो. बंगालात आर्सेनिकची भीती खरी आहे, बीडच्या बेसॉल्टमध्ये ती तशी नाही. तुम्हाला पीएच, वाहकता, कठीणपणा, कॅल्शियम, अल्कता, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड, सोडियम आणि पोटॅशियम एवढं पुरतं. वाळूज, शेंद्रा किंवा जालन्यासारख्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी घर असेल तर धातूंची भर घाला.

फ्लोराइड यादीत का ठेवलं, तेही सांगतो. तुमच्याकडे ०.६ आहे, निश्चिंत राहा. पण हे उत्तर नांदेडकडचे लोकही वाचतील. किनवट, बिलोली, देगलूर या बाजूला काळा बेसॉल्ट संपून ग्रॅनाइटसारखे जुने खडक लागतात आणि तिथे फ्लोराइड हा खरा शत्रू आहे. गंमत अशी की फ्लोराइडचं पाणी लोकांना आवडतं. डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, भांड्यावर खार बसत नाही, पेनवर आकडाही बरा दिसतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. कॅल्शियम कमी आणि पीएच जास्त अशा मऊ पाण्यात फ्लोराइड मोकळं राहतं. खोल बोअर लागलं, पाणी गोड लागलं म्हणून पेढे वाटण्याआधी फ्लोराइड बघा. मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसत असतील तर अजिबात थांबू नका.

हे मोजतात कसं, तेही थोडं सांगतो, म्हणजे प्रयोगशाळेत गेल्यावर चार प्रश्न विचारता येतील. कठीणपणा मोजायला ५० मिलिलिटर पाणी शंकूपात्रात घेतात, अमोनियाचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी नावाचा रंग टाकतात, पाणी द्राक्षाच्या दारूसारखं लाल होतं. वरून ब्युरेटमधून ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं रसायन, थेंब थेंब सोडायचं. बराच वेळ काहीच होत नाही, मग लालात जांभळी झाक येते आणि एका थेंबाला सगळं निळं होतं. तो थेंब चुकला की पुढचे पाच थेंब वाया आणि कुणाच्या तरी पाण्याचा कठीणपणा दहा-पाचने वाढला. ०.०१ मोलर ईडीटीए असेल तर जेवढे मिलिलिटर लागले त्याला २० ने गुणायचं. तुमच्या पाण्याला २६ मिलिलिटर लागले असणार. फ्लोराइडला बहुतेक ठिकाणी स्पॅडन्स नावाचा लाल रंग वापरतात. फ्लोराइड जेवढं जास्त, रंग तेवढा फिका. तुरटी फिरवलेलं पाणी दिलं तर त्यातलं ॲल्युमिनियम या मोजणीत गडबड करतं, म्हणून नमुना कच्च्या पाण्याचाच. नायट्रेट अतिनील प्रकाशात २२० नॅनोमीटरवर मोजतात, आणि पाण्यातला सेंद्रिय मळ त्याच ठिकाणी फसवतो म्हणून २७५ वर दुसरं वाचन घेऊन वजा करतात. गोठ्याशेजारच्या पाण्याला हे दुसरं वाचन फार गरजेचं. 'दोनशे पंचाहत्तरचं करेक्शन घेता ना?' एवढं विचारलंत तरी समोरचा माणूस सरळ बसतो.

गावपातळीवर जल जीवन मिशनमधून फील्ड टेस्ट किट आलेली असते आणि गावातल्या पाच महिलांना ती वापरायचं प्रशिक्षण देण्याची त्यात तरतूद आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत ती कपाटात पडून असेल तर बाहेर काढायला लावा. नायट्रेटचा रंग पट्टीवरच्या रंगाशी जुळवायचा, नेमका आकडा मिळत नाही, पण ४५ च्या अलीकडे की पलीकडे एवढं कळतं. सावलीत, दिवसाच्या उजेडात बघायचं, पिवळ्या बल्बखाली नाही. आणि रसायनांच्या बाटलीवरची मुदत आधी वाचायची.

दरम्यान घरात काय करायचं. तुरटी, ब्लिचिंग पावडर म्हणजे आपलं टीसीएल, कँडलचा फिल्टर, यूव्ही, यातलं काहीही नायट्रेट काढत नाही. जड पाणी मऊ करणारं सॉफ्टनरही नाही, उलट ते सोडियम वाढवतं आणि घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर तेही नको. आरओ नायट्रेट बऱ्यापैकी काढतो. तोटा हा की घरगुती आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. आपल्याकडे मार्चनंतर टँकरची वाट बघायची वेळ येते, तिथे हे परवडतं का ते तुम्हीच ठरवा. घेतलाच तर फक्त पिण्या-स्वयंपाकापुरता, आणि टाकाऊ पाणी भांडी-फरशीला. त्यात नायट्रेट जास्त असतं, जनावरांच्या हौदात ते सोडू नका. आरओमधून निघालेल्या पाण्याचंही नायट्रेट सहा महिन्यांनी एकदा मोजून घ्या, पडदा फाटला तरी चव लगेच बदलत नाही.

आरओ नको असेल तर मिसळण्याचा मार्ग आहे. नळयोजनेचं किंवा छतावरून नीट गोळा केलेलं पावसाचं पाणी, ज्यात नायट्रेट ५ च्या आसपास आहे, ते दोन भाग आणि बोअरचं एक भाग घेतलं तर साधारण ३३ येतं. निम्मं-निम्मं घेतलं तर मात्र ४६-४७, म्हणजे मर्यादेच्या किंचित वरच. हे मोठ्यांसाठी. बाळासाठी मिसळलेलंही नको.

गावात येणारं थंड पाण्याचं जार हा उपाय समजू नका. सीलबंद पॅकेजच्या पाण्यासाठी आयएस १४५४३ हे मानक आहे. वीस रुपयांना दारात ठेवलेला सुटा जार त्यात बसतोच असं नाही. जारवाल्याचा स्रोतही शेजारचंच बोअर असू शकतो. टँकरचंही तेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तशा वर्षी पाणी आलं हेच खूप असतं, हे मी समजू शकतो. पण तेव्हाही टँकरच्या नळाचं थोडं पाणी वेगळं घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात. आला म्हणजे क्लोरीन आहे. आणि एक लक्षात ठेवा: मी इथे सगळं रासायनिक बोललो. उकिरड्याजवळच्या बोअरला जिवाणूंची तपासणी वेगळी, निर्जंतुक बाटलीत करावीच लागते, आणि जिवाणूंसाठी मात्र उकळणं पुरेपूर उपयोगी आहे. पाणी उकळण्याला त्या बाजूने नाव ठेवायचं कारण नाही.

वेळापत्रक असं ठेवा. आत्ता एक फेरतपासणी, शेतातल्या विहिरीच्या नमुन्यासह. मग मेच्या शेवटी, पाणी खोल गेल्यावर, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पावसाने जमीन धुतल्यावर. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर नायट्रेट अचानक उसळी मारू शकतं, कारण उन्हाळाभर वर साठलेलं सगळं एकदम खाली उतरतं. तेव्हा किटने बघून घ्या. ओटा, केसिंगचं काम पावसाळ्याआधी उरकलंत तर नोव्हेंबरच्या अहवालात फरकाची सुरुवात दिसायला हवी. तो अहवाल आला की सगळे आकडे पाठवा, शिक्का नाही पाठवला तरी चालेल.